सेंटरला हात वर करणाऱ्यांना शेपटी

आमच्या अमेरिकन फुटबॉलच्या संघाला या वर्षी सेंटर हवा, असं सगळं गाव जानेवारीपासून म्हणत होतं. सेंटर संघाकडे होता. तो मी जन्माला घातला होता.

पोस्टात गेले तर खिडकीतली बाई कोणाला तरी सांगत होती, "बाकीचं राहू दे, आधी मधे उभा राहायला एक दणकट पोरगा आणा." मला बघितल्यावर ती एकदम तिकिटं मोजायला लागली. चर्चच्या पायरीवर फादर लॉयड हेच बोलत होते. मी जवळ गेले तशी त्यांना थंडीची आठवण झाली. म्हटलं, फादर, थंडी रोजचीच आहे, तुम्ही बोला आपलं.

ताडेक माझा धाकटा. मधोमध वाकून उभं राहायचं, चेंडू पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या, म्हणजे तो पुढे फेकणाऱ्याच्या, हातात द्यायचा, आणि दिल्या दिल्या समोरचा रेडा अंगावर घ्यायचा, हे त्याचं काम. नऊ हंगाम केलं. टीव्हीवर त्याचं तोंड कधी दिसत नाही, पाठ दिसते. ती पाठ मी कुठेही ओळखते, आणि नाही ओळखली तर तिच्यावर आमचं आडनाव लिहिलेलं आहे. ग्रुश्का. जानेवारीतल्या शेवटच्या सामन्यात त्याच्या हातून चेंडू खाली गेला, घरंगळला, समोरच्यांनी उचलला आणि हंगाम संपला. त्या एका चेंडूसाठी गावाने त्याची नऊ वर्षं धुऊन टाकली, असं मला दिसत होतं.

एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो. कॉलेजात खेळलेली पोरं सगळे संघ आळीपाळीने उचलतात. गुरुवारी पहिली फेरी, शुक्रवारी पुढच्या. आणि शुक्रवारी आमच्या चर्चच्या हॉलमध्ये मासे असतात, मग ड्राफ्ट असो नाहीतर बर्फाचं वादळ. मी आठवी झाल्यावर चीजच्या कारखान्यात लागले आणि तिथून सुटले ती या स्वयंपाकघरात आले. तळणीपुढे माझ्याशिवाय कोणी उभं राहत नाही. मी राहू देत नाही. नातवंडं व्हायच्या आधीपासून सगळं गाव मला बुशा म्हणतं, म्हणजे आजी. मला कोणी विचारलं नव्हतं.

हॉलच्या भिंतीवर बंद पडलेल्या शाळेतला एक फळा आहे. ड्राफ्टच्या आठवड्यात नॉर्बर्ट डेलविश त्याच्यावर संघाला काय काय हवं ते लिहितो. दुधाचा टँकर चालवून निवृत्त झालेला माणूस, पण खडू हातात आला की स्वतःला मॅनेजर समजतो. संघाने त्या जागेचा माणूस घेतला की ती ओळ ओल्या फडक्याने पुसायची. गुरुवारी संघाने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एक गडी घेतला, त्यामुळे वरची ओळ पुसली गेली होती. आता वर काय लिहायचं ते शुक्रवारी जेवणाआधी हात वर करून ठरणार होतं.

मी कॉड मासा कापत होते. मधला भाग जाड, पांढरा, पाकळी पाकळी सुटणारा. शेपटीकडचा भाग पातळ, तळला की नुसता कुरकुरीत पिठाचा पापड. दोन वेगळ्या परातींत ठेवले.

"हे काय वहिनी?" माझ्या नणंदेने, जेनीने, विचारलं. ती धिरडी घालते, बटाट्याची. "नेहमी सगळं एकत्र असतं."

"आज नाही. जो हात सेंटरला वर होईल, त्याच्या ताटात शेपटी. तू खिडकीतून बघ आणि लक्षात ठेव."

"वहिनी, लोक पैसे देऊन जेवतात."

"शेपटी पण मासाच आहे."

जेनी मग धिरडं उलटायला वळली. ते अजून उलटायला आलं नव्हतं.

नॉर्बर्ट खुर्चीवर चढला. "रिसीव्हर?" दोन-तीन हात. "कॉर्नरबॅक?" कोपऱ्यातल्या टेबलावरचा एक, तो बहिरा आहे, कशालाही करतो. "सेंटर?"

हात असे वर गेले की मागच्या टेबलावरची माणसं मला दिसेनात. पोस्टातली बाई. न्हावी. ज्या पोरीच्या लग्नात मी सूप केलं होतं ती, आणि तिचा नवरा. फादर लॉयडनी ग्लास धरलेला हात वर केला, म्हणजे विचारलं तर ग्लास उचलला म्हणता येईल. नॉर्बर्टने माझ्याकडे न बघता वरच्या ओळीत सेंटर लिहिलं, आणि अक्षर नेहमीपेक्षा लहान काढलं.

मग रांग लागली. मी स्वतः चिमट्याने वाढत होते.

"घ्या फादर. शेपटी."

"देवाची कृपा आहे, बुशा."

"देवाची नाही, माझी आहे. पुढे चला."

न्हाव्याने ताटाकडे बघितलं आणि पुढे गेला. लग्नातल्या पोरीने दोन शेपट्या घेतल्या आणि धन्यवाद म्हणाली. मग नॉर्बर्ट आला. हा माणूस ग्लासातल्या बर्फावरून भांडतो. राय ब्रेड जाड कापला तरी बोलतो, पातळ कापला तरी बोलतो. त्याच्यासाठी मी मुद्दाम सगळ्यात मरतुकडा तुकडा काढून ठेवला होता, आणि तो काय बोलेल याची उत्तरंही तयार होती.

"छान झालाय," नॉर्बर्ट म्हणाला.

"खाल्लास कुठे अजून?"

"वासावरून कळतं."

आणि गेला. माझी उत्तरं तोंडातच राहिली. जाड तुकड्यांची परात भरलेली तशीच होती, कारण ते मिळण्यासारखं वागलेली माणसं हॉलमध्ये चार-पाचच निघाली.

टीव्हीवर दुसरी फेरी सुरू झाली तेव्हा ताडेक आला. तो दारातून आत येताना खांदा तिरका करतो. एरवी त्याला बघून पोरं ओरडतात, कोणी पाठीवर थाप मारतं. आज सगळे ताटात बघायला लागले.

नॉर्बर्टचा नियम आहे की उशिरा आलेल्याचंही मत घ्यायचं. तो खुर्चीवरूनच म्हणाला, "ताडेक, तुझं राहिलंय. संघाला काय हवं?"

हलकट मेला. मी चिमटा हातात घेऊन बाहेर निघालेच होते.

ताडेकने डावा हात वर केला. "सेंटर," म्हणाला, आणि रांगेत येऊन उभा राहिला. रांग नव्हतीच. तो एकटा होता आणि मी होते.

"मा, भूक लागलीय."

मी दोन्ही पराती बघितल्या. जेनी माझ्या हाताकडे बघत होती. शेपटी उचलली आणि त्याच्या ताटात टाकली.

"एवढीच?"

"सेंटरला हात वर करणाऱ्याला एवढीच. मी नियम केलाय. आता तुझ्यासाठी मोडू?"

तो हसला. मग हॉलमधल्या ताटांकडे बघितलं, एकेक टेबल करत, आणि हसू गेलं. "सगळ्यांना शेपट्या वाढल्यास?"

"ज्यांनी तुला विकलं त्यांना."

"मा, मीच सांगितलं होतं त्यांना."

तेलात काहीतरी जळत होतं. जेनीने ते काढलं.

"मी जानेवारीतच कोचला सांगून आलो की दुसरा बघा. न्हाव्याकडे बोललो, तिथून गावभर झालं. सगळ्यांना म्हटलं, बुशाला कळू देऊ नका, मी सांगेन. आणि फळ्यावर वर काय लिहायचं, ते नॉर्बर्टला मीच फोन करून सांगितलं."

"आणि मला कधी सांगणार होतास?"

"आज. म्हणून तर आलो."

"आधी का नाही?"

"तू संघाच्या ऑफिसात गेली असतीस."

"काहीतरीच."

"शाळेत असताना मला बाकावर बसवलं, तेव्हा कोचच्या घरी कोण गेलं होतं?"

"मी केक घेऊन गेले होते."

"केक त्याच्या बायकोला दिलास, मा. त्याला जे दिलंस ते तो अजून सांगतो."

त्याने उजवा हात खिडकीच्या कठड्यावर ठेवला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बाकीच्यांबरोबर सरळ होत नव्हती. मी चिमट्याने ती दाबली. चिमटा तेलातून काढलेला, गरम होता. जेनी ओरडली. त्याने हात हलवला नाही.

"कळलंच नाही?"

"काय?" तो म्हणाला.

मानेतली नस दाबली गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी एक हंगाम म्हणजे हाताचं पुढे काय होईल सांगता येत नाही. त्याने हे सगळं कोबी कसा झालाय ते सांगावं तसं सांगितलं.

"मग नाही म्हण आणि घरी ये."

"चांगला पोरगा मिळाला तर म्हणेन. नाही मिळाला तर ते माझ्याकडेच येतील. म्हणतील, ताडेक, एवढं एकच वर्ष. ओळीतली बाकीची चौघं माझ्या शेजारी उभी राहतात, मा. मला त्यांना नाही म्हणता येणार नाही. तुला आलं असतं?"

मी तळणीचा गॅस बंद केला. शुक्रवारी जेवणाच्या वेळी त्या तळणीचा गॅस कधी बंद होत नाही, त्यामुळे तो आवाज थांबला तशी हॉलमधली सगळी डोकी वळली.

"काय बघताय?" मी म्हटलं. "टीव्ही तिकडे आहे."

मी ॲप्रनवर हात पुसत नॉर्बर्टच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले. त्याने खुर्ची दिली. मी बसले नाही.

"किती चांगले आहेत?" मी विचारलं.

"सेंटर? दोन होते. एक काल दुसऱ्या संघाने उचलला. दुसरा नेब्रास्काचा, शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्यानंतरचे सगळे असेतसेच."

"आपल्या आधी कोण?"

"दोन संघ. पहिल्याला नको. दुसऱ्याला…" त्याने ओठ चाटले. "दुसऱ्याचा सेंटर म्हातारा आहे."

"किती म्हातारा?"

नॉर्बर्टने ताडेककडे बघितलं आणि ब्रेड खाल्ला.

पहिल्या संघाने एक लांब पायांचा पोरगा घेतला. दुसऱ्याची वेळ आली आणि पडद्यावरचं निवडीच्या वेळेचं घड्याळ उलटं पळायला लागलं. चार महिने मी देवाला सांगत होते की आमच्या संघाला सेंटर मिळू देऊ नको. आता एका घड्याळाएवढ्या वेळात त्याला उलटं सांगायचं होतं. सांगितलं. तो काही पोस्टातला कारकून नाही, की अर्ज बदलला म्हणून चिडेल.

दुसऱ्या संघाने कॉर्नरबॅक घेतला. कोपऱ्यातला बहिरा टाळ्या वाजवायला लागला.

मग आमचा संघ. घड्याळ अर्धंही उतरलं नव्हतं. नेब्रास्काच्या पोराचं नाव घेतलं, आडनाव लांबलचक, बोलणाऱ्याची जीभ अडखळली. पडद्यावर एक रुंद पोरगा आणि त्याला धरून रडणारी त्याची आई दिसली.

हॉलमध्ये सगळे माझ्याकडे बघत होते. ताडेक भिंतीला टेकून उभा होता, ताट डाव्या हातात, शेपटी संपवलेली.

मी कमरेचं फडकं ओढलं, फळ्यापाशी गेले आणि वरची ओळ पुसली. नॉर्बर्टने खडू जोरात दाबला होता, दोनदा पुसावी लागली. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळ्यांनीच.

"पुरे," मी म्हटलं. "ताटं घेऊन या. जाड तुकडे उरलेत, फेकून द्यायचे का?"

रांग पुन्हा लागली. मी माफी वगैरे मागितली नाही. मासे वाढले. फादर लॉयडना मोठ्यात मोठा तुकडा गेला, तो तसा हाताला लागला म्हणून.

ताडेक आत येऊन माझ्या शेजारी उभा राहिला. एवढ्याशा स्वयंपाकघरात जेनीला बाहेर जावं लागलं.

"आता काय करणार तू?" मी विचारलं.

"शुक्रवारी इथे येईन. तळायला मदत करीन."

"त्या बोटांनी? उकळतं तेल आहे. हात तळला गेला तरी तुला वासावरूनच कळेल."

"मग?"

"ताटं पूस. डाव्या हाताने. आणि त्या नेब्रास्काच्या पोराला फोन कर. त्याला सांग, इथे शुक्रवारी काय असतं ते."

"तो मांस खाणारा दिसतोय, मा."

"शिकेल."

खिडकीशी नॉर्बर्ट दुसऱ्यांदा आला होता. त्याने जाड तुकडा काट्याने उघडून बघितला, बोट लावलं, आणि ताट परत माझ्यापुढे सरकवलं.

"थंड आहे," तो म्हणाला. "आणि मीठ कमी आहे."

मी गॅस पेटवला.