ओळखीची मान

व्हर्लीन टॉलिव्हरने मक्याच्या पावाचा जाड तुकडा जनेसाच्या ताटात वाढला आणि तिच्या नाही-नाहीकडे काणाडोळा केला. दर रविवारी दुपारी विद्यापीठातली काळी माणसं प्राध्यापक व्हर्लीनकडे जेवायला यायची. एवढ्या मोठ्या गोऱ्या विद्यापीठातली ती सगळी मिळून एका टेबलाभोवती मावत. आज तर ग्रंथालयातला ओडेल आणि जनेसा, दोघंच होती.

जनेसा पहिल्या वर्षाची, मिसिसिपीची. प्रयोगशाळेत तिच्या शेजारी कुणी बसत नसे. सगळं सोडून घरी जाते, असं ती महिनाभर घोकत होती आणि व्हर्लीन तिला धरून ठेवत होती. वसंतापर्यंत कळ काढ, हे तिचं पालुपद. पोर गेली असती तर व्हर्लीनला ते स्वतःचंच हरणं वाटलं असतं.

"मावशी, राहतेय मी," जनेसा म्हणाली.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं," ओडेल म्हणाला.

"चॅपलच्या पायऱ्यांवर ते तपकिरी कोटवाले काका असतात ना, ते रोज सकाळी मान हलवतात मला. आपलं कुणीतरी आहे म्हटलं की दिवस बरा जातो."

गोऱ्यांच्या गर्दीत आपलं माणूस दिसलं की मान हलवायची, ही रीतच. अनोळखी असेल तर मान खाली, ओळखीचा असेल तर हनुवटी वर. ही कुणाला शिकवावी लागत नाही.

"मान खालीच करतात ना?" व्हर्लीनने विचारलं.

"आधी खालीच करायचे. या सोमवारपासून वर! जसे काही माझे सख्खे काका."

ओडेलचा घास हातातच राहिला. तो माणूस त्या दोघांनाही दिसे. इतकी वर्षं, उन्हाळ्यातसुद्धा त्याच कोटात, आणि मान कायम खाली. तो कुठल्या विभागात आहे, हे त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. एकमेकांनाही नाही.

काही वर्षांपूर्वी रेनार्ड नावाचा विद्यार्थीही याच टेबलाशी असाच हसत म्हणाला होता, काका आता हनुवटी वर करतात. घरी निघालेल्या त्या पोरालाही व्हर्लीननेच थांबवलं होतं. तो थांबला. नाताळात सगळे घरी गेले तरी थांबला, आणि चॅपलच्या पायऱ्यांवर बर्फाखाली मेलेला सापडला. आपण ही पोरं कुणासाठी धरून ठेवतो, असं व्हर्लीनच्या मनात आलं.

तिने शेगडी बंद केली आणि गाडीची किल्ली घेतली.

"ऊठ. बॅग भरू तुझी. चॅपलच्या बाजूनं जायचं नाही."

"कुठं निघालो आपण?"

"तुझ्या आईकडे."

"अहो मावशी, राहतेय म्हटलं ना! तुम्हीच तर म्हणत होता, कळ काढ."

"म्हणत होते," व्हर्लीन म्हणाली आणि तिने जनेसाचा कोट तिच्यापुढे उघडून धरला. "हात घाल."