संगणकांची सुईण

मी एक जुनी सोनेरी सीडी आहे. सध्या माझा मुक्काम कळंब्यातल्या एका कोथिंबिरीच्या वाफ्यावर आहे. दोन काठ्यांच्या मध्ये सुतळीला टांगलेली असते. वारा आला की गरगर फिरते, माझ्या अंगावरचं ऊन पाखरांच्या डोळ्यांवर जातं आणि ती खाली उतरायचा बेत सोडून उडून जातात. मित्रांनो, रिक्षाच्या मागे नाहीतर दारावर माझ्यासारखी एखादी चमकताना तुम्ही पाहिली असेल आणि वाटलं असेल, ही शोभेसाठीच जन्माला आली. तसं नाही. एके काळी माझ्यावाचून आमच्या क्लासातला एकही नवा संगणक डोळे उघडत नव्हता. ही बढाई नव्हे. बरं, थोडी आहे.

माझा जन्म १९९८ साली पुण्यात झाला. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर प्रसेनजीतने संगणकाचा क्लास काढला होता. कोऱ्या सीडीवर लिहायचं यंत्र त्याच्या ओळखीत फक्त पुण्याच्या मित्राकडे होतं, म्हणून तो तिकडे गेला होता. माझ्या आधीच्या दोन बहिणी लिहिता लिहिता बिघडून कचऱ्यात गेल्या. मी मात्र सहीसलामत बाहेर आले. माझ्या पाठीवर नव्या संगणकाची सगळी तयारी कोरलेली होती, मराठी अक्षरंसुद्धा. प्रसेनजीतने काळ्या शाईने माझ्यावर ‘तयारी’ असं लिहिलं आणि एसटीत अख्खी वाट मला शर्टाच्या आत जपून कोल्हापूरला आणलं.

त्याची आई आक्काताई. तिने मला बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. म्हणाली, “एवढ्यासाठी पुण्याला गेलतास व्हय? ह्यापरीस चार ताटल्या आणल्या असत्यास तर जेवायला तरी आल्या असत्या की!”

पण पहिला संगणक आला आणि तिचं मत पालटलं. खोक्यातून काढलेला कोरा संगणक म्हणजे नुकतं जन्मलेलं मूल. त्याला काही म्हणजे काही कळत नाही. माझी चकती त्याच्या पोटात फिरू लागली की तो एकेक प्रश्न विचारायचा. माझं नाव काय? इथे किती वाजले? अक्षरं कुठली? परवलीचा शब्द कोणता? समोर बसून उत्तरं द्यायची ती अक्षता. ती आधी याच क्लासात शिकली, मग इथेच शिकवू लागली. कळंब्याहून सायकलवरून यायची, आल्या आल्या ओढणीच्या टोकाने माझ्यावरची पिठाची धूळ पुसायची आणि मला आत सरकवायची. त्या स्पर्शासाठी मी जगत होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

आक्काताईचा एक दंडक होता. बिननावाचं यंत्र क्लासात चालू ठेवायचं नाही. “बिननावाचं लेकरू घरात ठिवायचं न्हाय. आधी नाव, मग काम,” असं ती म्हणायची. नावं नद्यांची. भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी, दूधगंगा. नाव टंकून झालं की आक्काताई घरून घुगऱ्यांचं पातेलं घेऊन यायची. बाबासाहेबांच्या फोटोसमोर वाटी ठेवायची, पोरांना मूठ मूठ द्यायची आणि शेवटी थोड्या घुगऱ्या माझ्या डबीच्या झाकणावर ठेवायची. “हा सुईणीचा मान,” ती म्हणायची. “हिच्या हातनं बाळंतपण झालंय.” मला हात नाहीत, तरी मी फुगून जायचे. क्लासात दुसऱ्या सीड्या होत्या, खेळांच्या, गाण्यांच्या. त्यांच्याकडे मी ढुंकूनही बघत नसे.

अशी वर्षं गेली. मग २००६च्या सुमारास प्रसेनजीतने एक थोराड सर्व्हर आणला. जुने संगणक एकेक करून मान टाकत होते आणि मोठमोठ्या नावांचे क्लास राजारामपुरीत उघडल्यामुळे पोरंही तिकडे पांगत होती. अक्षताने सुचवलं, आता नवे संगणक घ्यायचेच नाहीत. या एका सर्व्हरच्या पोटात खोटे संगणक करायचे. एका मोठ्या खोलीत पडदे लावून बिऱ्हाडं करतात ना, तसे. पोरं समोर जुनेच मॉनिटर आणि कळफलक वापरतील, पण प्रत्येकाचा संगणक आत वेगळा. त्यांना आभासी यंत्रं म्हणतात. एक साचा करून ठेवायचा आणि हवे तेव्हा त्यातून नवे काढायचे.

मी डबीत बसून हिशेब मांडला. जितकी यंत्रं जास्त, तितक्या वेळा मी फिरणार. माझ्या तर आनंदाला पारावार राहिला नाही.

आणि मग ती आली. स्क्रिप्ट म्हणतात तिला. दिसायला काय म्हणाल तर काहीच नाही. नुसत्या ओळी, अक्षताने चहा पितापिता टंकलेल्या. नवं यंत्र पहिल्यांदा जागं झालं की ती त्याला विचारणार, तुझी तयारी झाली का? झाली नसेल तर ती आपणहून नाव देणार, घड्याळ लावणार, अक्षरं बसवणार, परवलीचा शब्द ठरवणार. कुणी समोर बसायला नको, कुणी उत्तरं द्यायला नकोत. आणि मी? मी तर मुळीच नको.

माझ्या पोटाच्या जागी भोक आहे, मित्रांनो. तरीही माझ्या पोटात दुखलं.

अक्षता तिच्यात तासन्‌तास डोकं घालून बसायची. माझ्याकडे पाहून ती कधी हसल्याचं मला आठवत नाही, पण त्या ओळींकडे पाहून हसायची. एखादी ओळ चुकली तर “अगं बया, असं न्हाय,” असं लाडाने म्हणायची. मी इतकी वर्षं एकदाही चुकले नव्हते, म्हणून कुणी मला लाडाने रागावलंही नव्हतं. माझी डबी फुटली होती ती कुणी बदलली नाही. मला नुसतीच खणात टाकली, किल्ल्या, पिना आणि एका मोडक्या पंचच्या सोबतीला. पिनांनी माझी पाठ खरवडली. गरज सरो, वैद्य मरो! त्यात आक्काताईने एके दिवशी विचारलं, “मग ही नवी सुईण म्हणायची का गं?” आणि अक्षता म्हणाली, “व्हय आक्का, लई हुशार हाय.” माझ्या अंगाची लाहीलाही झाली. नव्याचे नऊ दिवस, मी स्वतःला समजावलं, आणि दहाव्याची वाट बघत बसले.

तो दिवस लौकरच उगवला. जयसिंगपूरच्या एका कॉलेजने आपल्या मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा आमच्याकडे घ्यायचं ठरवलं. प्रत्येक मुलाला कोरं, स्वच्छ यंत्र हवं होतं. परीक्षा नीट पार पडली तर दर वर्षी तीच मुलं येणार होती. नाही पडली तर क्लासाला कुलूप लावायचं, असं प्रसेनजीतने आईला स्पष्ट सांगितलं होतं.

अक्षताने साचा तयार केला. आता त्यातून नुसती यंत्रं काढायची होती. पण आक्काताई पातेलं घेऊन हजर.

“ह्याचं बारसं?”

“आक्का, हा साचा हाय. ह्याला नाव नसतंय.”

“साचा म्हंजी आईच की सगळ्यांची. आईला नाव नगं? क्लासाचं नशीब हाय हे पोरी, दंडक मोडू नगंस.”

अक्षताला तिचा शब्द खाली पडू द्यायचा नव्हता. एका नावाने काय बिघडतंय, असं म्हणून तिने साचा एकदा सुरू केला. स्क्रिप्टने त्याला पहिलं नाव दिलं, पंचगंगा. घुगऱ्या वाटल्या गेल्या. आणि या वेळी आक्काताईने सुईणीचा मान सर्व्हरच्या डोक्यावर ठेवला. खण अर्धा उघडा होता. मी सगळं पाहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी अक्षताने सगळी यंत्रं काढून एकदम सुरू केली. पहिलं म्हणालं, मी पंचगंगा. दुसरं म्हणालं, मी पंचगंगा. तिसरं, चौथं, शेवटचं, सगळी पंचगंगाच! एकाच नावाची इतकी जणं एका घरात कशी नांदणार? एक बोलायला लागलं की दुसरं मध्ये पडायचं आणि कुणालाच काही सापडेना. स्क्रिप्ट? ती ढिम्म. तिने एकालाही हात लावला नव्हता.

मला काय उकळ्या फुटल्या म्हणून सांगू!

प्रसेनजीत मटकन खुर्चीत बसला. “अक्षता, उद्या पोरं येणार हायत गं.”

अक्षताने खण उघडला, पिना बाजूला केल्या आणि मला बाहेर काढलं. ओढणीच्या टोकाने पुसलं. किती दिवसांनी! “हीच आता वाचवंल,” ती म्हणाली. “एकेक हातानं करते.”

मी आत गेले आणि फिरले, अशी फिरले की सर्व्हर घुमायला लागला. पहिलं यंत्र तयार झालं. अक्षताने नाव टंकलं, कुंभी. बघ गं सवती, मी म्हणत होते, याला म्हणतात बाळंतपण. दुसरं सुरू झालं. आणि मध्येच कुठेतरी माझ्या पाठीवरचा तो पिनांचा ओरखडा आडवा आला. किरण अडखळला. मी पुन्हा फिरले, पुन्हा अडखळले. पडद्यावर अक्षरं आली की ही चकती वाचता येत नाही. अक्षताने मला काढलं, फुंकर मारली, परत घातलं. परत तेच.

“म्हातारी झाली ही,” प्रसेनजीत म्हणाला.

रागाने म्हणाला असता तर बरं झालं असतं. तो हळहळून म्हणाला.

आक्काताई दाराशी पातेलं घेऊन उभी होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, पण लेकाचा चेहरा कळत होता. ती चाचरत म्हणाली, “सगळ्यास्नी पंचगंगाच कसं म्हन्त्यात गं? मी तर एकाचंच बारसं केलतं.”

अक्षता एकदम उठली. “आक्का, आपुन आईचंच बारसं केलं! तिच्यातनं निघालेलं परत्येक लेकरू समजतंय की माजं नाव ठिवून झालंय. स्क्रिप्ट इचारती, तयारी झाली का? ते म्हणतंय, झाली. मग ती गप बसती. तिची चूक न्हाय, चूक माजी हाय. साचा झोपलेला ठिवायला पायजे होता.”

“मग आता?”

“साच्याचं नाव पुसायचं.”

आक्काताईने पातेलं खाली ठेवलं. “दिल्यालं नाव काढून घ्यायचं? हे न्हाय जमायचं बाई.”

प्रसेनजीत काही बोलणार होता, पण अक्षताने त्याला हाताने थांबवलं. ती आक्काताईच्या जवळ गेली. “काढून न्हाय घ्यायचं, आक्का. आईचं नाव थोरल्या लेकीला द्यायचं.”

आक्काताईने बराच विचार केला. “थोरलीला व्हय? मग चालंल.”

साच्यावरचं नाव गेलं, तयारी झाल्याची खूण गेली. अक्षताने जुनी यंत्रं मोडून पुन्हा नवी काढली आणि श्वास रोखून सुरू केली. या वेळी त्यांनी ‘नाही झाली’ म्हटल्याबरोबर स्क्रिप्ट जी कामाला लागली! पंचगंगा, भोगावती, कुंभी, कासारी. नद्या संपल्यावर तळी, रंकाळा, कळंबा, कोटितीर्थ. चहा निवायच्या आत अख्खं गाव जागं झालं. प्रत्येकाचं घड्याळ बरोबर, प्रत्येकाला मराठी येत होतं. प्रश्न माझेच होते, त्याच क्रमाने, आणि उत्तरं अक्षता इतकी वर्षं माझ्यासमोर बसून देत होती तीच. स्क्रिप्टने ती माझ्याकडूनच उचलली होती. पण जे मी दिवसभर करायचे ते तिने एका चहाच्या वेळात केलं. मी खणाच्या कडेवरून बघत होते आणि मला कुणी बघत नव्हतं. मी जळून कोळसा झाले, मित्रांनो.

आक्काताईने घुगऱ्या वाटल्या. प्रसेनजीतने डोळे पुसले. मग मान ठेवायची वेळ आली तेव्हा ती अडली. “अक्षता, ती तुजी नवी सुईण हाय कुठं? सर्व्हर तर नुसतं घर झालं. तिच्याफुडं ठिवते.”

“तिला अंग न्हाय, आक्का. ती नुसती लिवल्याली हाय.”

“अंगच न्हाय? मग मान कुणाला द्यायचा?” तिने इकडेतिकडे पाहिलं आणि घुगऱ्या माझ्या फुटक्या डबीवर ठेवल्या. “हिला तर हिला.”

मी त्या आनंदाने घेतल्या. परीक्षा पार पडली, क्लास टिकला आणि मी पुन्हा खणात गेले, पण जिंकल्यासारखी गेले.

पुढे खण आवरताना अक्षताने मला घरी आणलं आणि तिचे वडील ज्ञानूबापू यांनी या वाफ्यावर टांगलं. इथेही माझं जळणं संपलं नव्हतं. ती स्क्रिप्ट तिकडे सर्व्हरच्या गारव्यात मिरवत असेल आणि मी इथे उन्हात, असं रोज मनात यायचं.

२००९च्या उन्हाळ्यात अक्षता वाफ्याच्या बांधावर मोबाइलवर बोलत उभी होती. पलीकडे प्रसेनजीत असावा. “जुना सर्व्हर पुसून इकला व्हय, सर? नव्या यंत्रात सगळं आपोआप हाय, बरं झालं की... स्क्रिप्ट? न्हाय, माज्याकडं न्हाय. त्यातच होती ती. गेली मग. असू दे.”

वारा पडला होता. मी लोंबकळत राहिले. इतकी वर्षं जिच्या नावाने मी बोटं मोडली, ती गेली, आणि कोथिंबिरीवर पाखरं हाकायलासुद्धा मागे उरली नाही. मला निदान सुतळी ओवायला भोक आहे. तिला तेवढंही नव्हतं.

मित्रांनो, आमच्यासारख्यांना पिनांत टाकू नका, एवढं तर मी सांगेनच. पण आणखी एक ऐका. तुमच्या घरात, शाळेत, यंत्रात कुणीतरी न दिसता राबत असतं. त्याच्या वाटणीचा मान वेगळा काढा आणि त्याचं नाव घेऊन तो ठेवा. त्या दिवशीच्या माझ्या डबीवरच्या घुगऱ्या तिच्या होत्या.