हलकी बंदूक

बंदुका घडवणाऱ्या होबर्ट टीटरनं आपल्या दुकानातल्या बाकावर दोन बंदुका ठेवल्या आणि डॅडींना म्हणाला, "घे, डेल्मर. एक तुझ्या मनातली आहे, एक तुझ्या हातांना झेपणारी."

डॅडींनी अर्थातच मनातली उचलली. दस्ता खांद्याला लावला, नळी खिडकीकडे वळवली, आणि मी मनात आकडे मोजू लागले. सातला नळीचं टोक थरथरलं. नवाला ते खाली आलं. साडेआठ पौंडांची बंदूक होती ती. तसलीच एक घेऊन डॅडी चाळीस वर्षं हे डोंगर चढले होते.

"वजन वाढवलंस तू हिचं," ते धापा टाकत म्हणाले.

"हो. रोज थोडं थोडं वाढवतो. तुला पाहिलं की."

दोघं हसले. डॅडींचं हसणं खोकल्यात गेलं आणि मी त्यांच्या ऑक्सिजन सिलिंडरची चावी जराशी उघडली. कोळशाच्या खाणीनं त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. जानेवारीत डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, की वसंत ऋतू बहुतेक पाहतील. शरदाबद्दल ते बोललेच नाहीत. डॅडींना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सांगायची गरजही नव्हती. त्यांचं एकच मागणं होतं. या एप्रिलमध्ये एकदा टर्कीच्या नरासमोर बसायचं, आणि तेही चकमकीची बंदूक घेऊन. काडतुसाच्या बंदुकीला ते झाडू म्हणत. शिकारीसाठी त्यांना घोड्यात धरलेली गारगोटी हवी, बंदुकीच्या कानाच्या बारीक भोकाशी रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, चिमूट हवी, आणि चाप ओढल्यापासून बार निघेपर्यंतचा तो अर्धा श्वासही हवा. त्या अर्ध्या श्वासात माणूस दचकला, की नेम गेला.

होबर्टनं दुसरी बंदूक पुढे केली. सहा पौंडांची, आखूड, अक्रोडाच्या दस्त्याची. ती डॅडींनी धरली आणि मी तीसपर्यंत मोजलं.

"पण आधीच सांगतो," होबर्ट म्हणाला. "जड बंदुकीच्या तोंडाशी मी आतून कोरलंय, त्यामुळे छर्रे एकत्र जातात. हिची नळी सरळसोट आहे. शिवाय तुझ्या खांद्याला झेपेल एवढीच दारू भरायची. हिच्यातून छर्रे पांगतात. खारी-सशांना उत्तम, टर्कीला पंधरा पावलांपर्यंत. शरदात खारी मारायलाही होईल."

"शरदाचं सोड. पंधरा पावलं म्हणजे काय, टर्की माझ्या मांडीवर येऊन बसणार आहे का?"

"तुझ्या शिट्टीवर भाळून येईलही. बायका नाही भाळल्या, टर्की भाळतील."

"कागद लाव," डॅडी म्हणाले.

कागद हा त्यांचा कायदा होता. खाकी कागदावर टर्कीचं डोकं आणि मान काढायची, तो पंचवीस पावलांवर टांगायचा आणि एक बार काढायचा. डोक्यामानेत दहा छर्रे आले, तर ती बंदूक टर्कीसाठी. नऊ आले तर नाही. जखमी पाखरू झुडपात मरायला सोडणारा माणूस त्यांच्या लेखी माणूसच नव्हता. शिकारी क्लबातल्या एका मित्राशी ते याच कारणावरून अकरा वर्षं बोलले नव्हते.

दुकानामागच्या कुरणात त्यांना खुर्चीवर बसवलं. चकमकीच्या ठिणग्या आणि ऑक्सिजन यांचं जमत नाही, म्हणून मी त्यांच्या नाकातली ट्यूब काढली, सिलिंडर बंद केला आणि शेडमागे नेऊन ठेवला. बार निघाला. पांढरा धूर विरायच्या आत मी सिलिंडर परत आणून ट्यूब लावली. डॅडींचे ओठ निळसर झाले होते, पण डोळे लहान मुलासारखे कागदाकडे लागले होते.

"बघ गं, लिओना."

पंचवीस पावलं चालून जाणं त्यांना शक्य नव्हतं. मी गेले.

चार भोकं होती. तीन मानेत, एक चोचीपाशी.

मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. चार म्हटलं असतं, तर ते काय म्हणाले असते ते मला माहीत होतं. "बरं," एवढंच म्हणाले असते, आणि घरी येऊन खुर्चीत बसले असते ते शेवटपर्यंत. मागे होबर्ट विचारत होता, बंदुकीचा कान साफ करायची सुई कुठे गेली. ती डॅडींच्या इतर सामानाबरोबर माझ्याच गळ्यात होती. मी सात वेळा टोचलं. प्रत्येक भोकात सुई गोल फिरवली.

डॅडींनी कागद उन्हाकडे धरला आणि आरपार येणारे उजेडाचे ठिपके मोजले. "अकरा," ते म्हणाले. मग पुन्हा मोजले. "अकरा, होबर्ट!"

होबर्टनं कागद घेतला. बराच वेळ पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"माझी बंदूक इतकी चांगली आहे, हे मलाच ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, आणि कागदाची घडी करून त्यानं ती स्वतःच्या खिशात ठेवली.

मोसमाच्या पहिल्या शनिवारी आम्ही लाकूडतोड्यांच्या जुन्या रस्त्यानं ट्रक नेता येईल तितका वर नेला. पुढची दोनशे पावलं चालायला पाऊण तास लागला. डॅडी एका ओकला पाठ टेकून बसले. मी शेजारच्या झाडामागे सिलिंडर घेऊन बसले. त्यांनी दुरूनच एक बीचचं झाड हेरलं. "ते पंचवीस," कुजबुजले. "तिथे आला की झालं." इतक्या वर्षांत त्यांचा अंदाज कधी एका पावलानंही चुकला नव्हता.

टर्कीच्या पंखाच्या हाडाची शिट्टी त्यांनी तीनदाच वाजवली. श्वास तेवढाच पुरला. खालून नर आरवला. दुसऱ्यांदा आरवला तो जवळून. त्यांनी मान हलवली, मी ट्यूब काढून घेतली आणि सिलिंडर ओढत मागे सरले. ट्यूबशिवाय त्यांच्याकडे पाच-सहा मिनिटं होती.

तो आला. शेपूट पिसारून, छाती काढून, दर तीन पावलांना थांबत आला. बीचपाशी पोचला. त्यानं मान उंच केली, काही दिसलं नाही, आणि तो पुन्हा चालू लागला. तो थेट डॅडींच्या दिशेनं येत होता, निवांत, आणखी दहा पावलं सहज आला असता. मला ते दिसत होतं. ओरडावंसं वाटलं, थांबा. पण डॅडींना थांबायचं कारणच मी ठेवलं नव्हतं.

बार निघाला. नर कोलमडला, उठला, एक पंख फरफटत उतारावरच्या रोडोडेंड्रॉनच्या झुडपांच्या दाट जाळीत शिरला.

मी आधी डॅडींना ट्यूब लावली आणि मग धावले. ती जाळी वर्षानुवर्षांची. आत माणसाला रांगावंच लागतं. दुपारी एकला शिकारीची वेळ संपते, मी दोनपर्यंत रांगत होते. तीन पिसं सापडली आणि एका दगडावर रक्ताचा डाग. पुढे काहीच नाही. वर आले तेव्हा डॅडी तसेच बसले होते, बंदूक मांडीवर आडवी.

"सापडला?"

"नाही."

"ओढ्यापर्यंत पाहिलंस?"

"ओढ्याच्या पलीकडेही पाहिलं, डॅडी."

त्यांनी बीचपर्यंतचं अंतर पुन्हा नजरेनं मोजलं.

"मी दचकलो," ते म्हणाले. "रंजक पेटलं आणि माझे डोळे मिटले असणार. दुसरं काय? अकरा पडतात हिच्यातून पंचवीस पावलांवर."

ते दचकले नव्हते. मी झाडामागून त्यांचा चेहरा पाहिला होता, पापणीही लवली नव्हती. मी तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं, तर त्यांना त्यांच्या हातावरचा भरवसा परत मिळाला असता आणि मुलगी गेली असती. मी तोंड मिटलं.

"तू कशाला रडतेस?" ते म्हणाले. "पाखरू काय तू मारलंस? चल, उठव मला."

सोमवारी त्यांनी होबर्टला फोन केला. मी स्वयंपाकघरात घेवड्याच्या शेंगा मोडत होते.

"येऊन बंदूक घेऊन जा... नाही रे, तिच्यात काही खोट नाही. बंदूक लाखात एक आहे. माणूस संपलाय." मध्येच डॅडींनी दोनदा विचारलं, "आहेस ना?" मग म्हणाले, "ऐक. ज्याचे डोळे मिटतात, त्यानं जिवंत प्राण्यासमोर बसू नये. एवढं तरी मला कळतं."

होबर्ट आला, बंदूक कापडात गुंडाळून घेऊन गेला. माझ्याशी तो हवेबद्दल बोलला.

मोसमाचे अजून चार आठवडे बाकी होते. रोज पहाटे डोंगरावर नर आरवायचे. डॅडी म्हणायचे, "खिडकी लाव गं," आणि मी उठून लावत असे.