देवीपुढे बोललेलं

"थांबा वो, आधी माजं ऐका," तुळजा वज्रेश्वरीच्या पायऱ्यांवर धापा टाकत म्हणाली. पण कमळीला कडेवर घेऊन अनंता कधीच वर पोचला होता. घाई त्याच्या अंगातच होती. भिवंडीत लूमवरचे सोबती त्याला फटफटी म्हणत.

त्याला आणखी मूल हवं होतं. मुलगाच व्हावा असंही नाही, कमळीला सोबत हवी. अनंता एकुलता एक. शेलार गावी बाप गेला तेव्हा तिरडीला घरचा खांदा याचा एकट्याचा. बाकीचे तीन दारोदार जाऊन मागावे लागले. ते त्याच्या मनातून गेलंच नव्हतं.

तुळजा खारबावची, आठ भावंडांत थोरली. आई शेवटच्या बाळंतपणात गेली. मग काय, कडेवरचं एक उतरलं की दुसरं चढायचं. कमळीच्या वेळी ती माहेरी गेली, ते साल नसबंदीचं. कॅम्पवाल्यांना माणसं हवीच होती, फक्त दोन-तीन मुलं दाखवावी लागत. तान्ह्या कमळीला आणि दोन धाकट्या भावांना घेऊन ती गेली. "तिन्ही माजीच," म्हणाली. खोटं तरी कुठे होतं? वाढवलं तिनेच. नवऱ्याचं कुणी विचारलं नाही. पोटावरची खूण तिने बाळंतपणाची म्हणून खपवली आणि तीन वर्षं तोंड उघडलं नाही. बाई भित्री. आज मात्र सांगायचंच म्हणून ती एसटीत बसली होती.

"आई, माज्या कमळीला भावंड दे," अनंता गाभाऱ्यासमोर मोठ्याने म्हणाला. "त्ये व्हईस्तोवर मी पायात चप्पल घालनार न्हाय."

पुजाऱ्याने हातावर अंगारा ठेवला.

पायऱ्या उतरताना तुळजाने सगळं सांगितलं. कॅम्प, भाऊ, टाके. सांगताना ती रडली. तो रडला नाही, ओरडलाही नाही.

"माज्याशी बोलाचं हुतंस," एवढंच म्हणाला.

"परत वर जावा. आईला सांगा, ठावं नव्हतं म्हणून बोललो."

"देवीम्होरं बोललेलं मागं घेता येत न्हाय, तुळजे."

खाली त्याने आपल्या चपला उचलल्या आणि पायरीशी बसलेल्या म्हाताऱ्या भिकाऱ्यासमोर ठेवल्या. म्हाताऱ्याने लगेच पाय घालून पाहिले. त्याला त्या मोठ्या होत होत्या. अनंताने कमळीला खांद्यावर घेतलं आणि वैशाखातल्या तापल्या डांबरावरून स्टँडकडे चालू लागला. कधी नव्हे तो सावकाश चालत होता.

तुळजा मागून निघाली. स्वतःच्या चपलांचा आवाज तिला ऐकवत नव्हता.