शेवट दहाव्या दिवशी

अठ्ठावन्न सालच्या गणपतीत मी एक गोष्ट लिहिली आणि त्यानंतर लिहिणं सोडलं. भिलाईत अजून कोणीतरी विचारतं, "मास्तर, कावून सोडलं?" म्हणून एकदाचं सांगून टाकतो.

मी ठेकेदाराकडे हजेरी घेणारा कारकून. मजुरांच्या कॅम्पात कागद काळे करणारा मीच, म्हणून मास्तर. कारखाना उभा राहत होता आणि भंडाऱ्याकडची आमची माणसं शेती सोडून चिमण्या चढत होती. काम जोडीनं चाले. एक जण दोराला लटकून काम करी, दुसरा मचाणावर उभा राहून तो दोर धरी. जोडीदारावर भरवसा नसेल तर माणूस वर पाऊल टाकत नसे.

उन्हाळ्यात धोंडबा चिमणीवरून पडून मेला होता. त्याचा दोर शालिकरामच्या हातात होता. दोघं एकाच गावचे, जिवाभावाचे. शालिकरामच्या पायाखालची किडकी फळी तुटली, हिसक्यानं दोर सटकला आणि त्याच्या तळव्यांची सालं निघाली. ती तुटकी फळी मी पाहिली होती. दुसरं कोणी पाहायच्या आत ती चुलीत गेली. पण शालिकरामवर कोणी संशय घेतला नव्हता.

मंडळाच्या गणपतीत रोज आरतीनंतर मी गोष्टीचा एक भाग वाचायचा, असं ठरलं. मी या दोघांवरच लिहिलं, नावं तेवढी बदलली. दोन दिवस लोक जांभया देत होते. मंडळाचे सेक्रेटरी दौलतराव म्हणाले, "मास्तर, दोन दोस्त जेवले, दोन दोस्त निजले, याच्यात का आहे? भांडण टाका!"

मला झोंबलं. तिसऱ्या दिवशी मी दोघांत शेताच्या हद्दीच्या धुऱ्यावरून भांडण लावलं. चौथ्या दिवशी मारामारी. पाचव्या दिवशी एकाला चिमणीवर लटकवलं, दोर दुसऱ्याच्या हाती दिला आणि वही मिटली. मंडपात एकही जांभई नव्हती. काय सांगू, मी हरखून गेलो! शेवट ठरलेला होता: फळी किडकी, दोस्त निर्दोष. पण तो दहाव्या दिवशी. तोवर संशय रोज थोडा वाढवायचा.

शालिकराम धोंडबाच्या बायकोला, मथुराला, बहीण मानायचा. रोज नळावरून तिला पाणी आणून द्यायचा. सातव्या दिवशी तिनं ते पाणी त्याच्यासमोर दारात ओतून दिलं.

आठव्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"मास्तर, माह्यासंग कोणी जोडी कराले तयार नाही. आज सांगून टाका ना, मी दोर सोडला नाही म्हणून."

"अरे, गोष्ट आहे ती. दोन दिवस कळ काढ. शेवटी तूच खरा ठरतोस."

त्यानं तळवे पुढे केले. त्यांवर गुलाबी, नवी कातडी आली होती. मी पाहिलं, मान हलवली आणि पुढचा भाग लिहायला बसलो. आजही मला स्वतःची किळस येते.

नवव्या दिवशी दुपारी हजेरीच्या खोलीत बातमी आली. जोडीदार मिळाला नाही म्हणून शालिकराम दोर लोखंडाला बांधून एकटाच चिमणीवर उतरला होता. बांधलेला दोर निसटला आणि तो जागीच गेला. त्या संध्याकाळी वाचन झालं नाही.

दहाव्या दिवशी विसर्जनाआधी दौलतराव म्हणाले, "राहू द्या आता." पण लोक बसूनच होते. मी वही उघडली. फळी किडकी होती. दोस्तानं दोर सोडला नव्हता. वाचून संपलं तरी कोणी उठेना.

पुढे बसलेल्या मथुरानं विचारलं, "मास्तर, हे तुमाले कधीपासून मालूम होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मंग इतके दिवस आमाले कावून नाही सांगितलं?"

लोकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा यावं म्हणून. एवढंच उत्तर होतं, आणि ते मला तिच्या तोंडावर देता आलं नाही.