औषधाच्या कागदात गुंडाळलेली फणी

मित्रांनो, मी एक जुनी शिसवी फणी आहे आणि आधीच सांगून टाकते, मी भित्री आहे. चुलीतल्या विस्तवाची भीती, वाळवीची भीती, फरशीवर पडून दाता मोडण्याची भीती. भीती माझ्या पाचवीलाच पुजलेली. पण गेल्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी मी जे पाहिलं, त्यानंतर हे सगळं मला किरकोळ वाटू लागलं.

एका कारागिराने बारीक करवतीने माझा एकेक दाता कापला. दोन्ही बाजूंनी दाते, आणि ते इतके दाट की ऊ तर सोडाच, लीखसुद्धा सुटू नये. आदिलाबादकडच्या इचोड्याच्या बाजारात सुया, दोरे आणि काळे मणी विकणाऱ्या एका बाईच्या टोपलीत मी बसले होते. तिथे आशाबाईंनी मला उचललं, नखाने माझे दाते वाजवून पाहिले आणि पदराच्या गाठीत बांधून तामसीकडच्या आपल्या गावी नेलं. त्यांचं लग्न होऊन जेमतेम महिना झाला होता.

पुढची काही वर्षं माझी फार चलती होती. दुपारची कामं उरकली की आशाबाई उंबऱ्यात बसत आणि मी त्यांच्या केसांतून फिरे. शेजारच्या प्रयागबाई मला उसनी नेत आणि परत करताना म्हणत, "आशे, अशी फणी आता भेटत नाही पाह्य." तेव्हा मी मनातल्या मनात फुगत असे. मग आशाबाईंना मीनल झाली, मीनल शाळेत जाऊ लागली आणि शाळेतून दर आठवड्याला उवा घेऊन येऊ लागली. तेव्हा तर मला उसंत नव्हती.

नंतर घरात रंगीत कंगवे आले, उवांच्या औषधाची बाटली आली आणि मी कोनाड्यात गेले. तिथे माझ्या दात्यांत केसांचा एक गुंता तसाच अडकून राहिला. तो काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.

मी कोनाड्यातून बाहेर आले ती सरकीमुळे. सरकी म्हणजे त्या घरची मांजर. घरात कापूस भरून ठेवला होता, त्या ढिगावर एके सकाळी ती आणि तिची भावंडं सापडली. सगळं अंग पांढरं, कपाळावर सरकीएवढा एक काळा ठिपका, म्हणून मीनलने तिचं नाव सरकी ठेवलं. भावंडं कुठे कुठे गेली, सरकी मात्र राहिली. मीनलचे वडील उत्तमराव जेवायला बसले की ती त्यांच्या मांडीला डोकं घासायची आणि ते भाकरीचा पहिला तुकडा दुधात भिजवून तिला द्यायचे.

गेल्या पावसाळ्यात सरकीच्या अंगावर पिसवा झाल्या. ती दिवसभर खाजवायची, शेपटीच्या मुळाशी चावायची. तिथले केस झडून गुलाबी कातडी दिसू लागली. मीनल तेव्हा पाचवीत होती. तिने मला कोनाड्यातून काढलं, एका वाटीत साबणाचं पाणी घेतलं आणि सरकीच्या मानेवरून मला हळूच ओढलं. माझ्या दात्यांत एक पिसू अडकली. मीनलने मला झटकन पाण्यात बुडवलं, पिसू बुडाली. मग दुसरी, मग तिसरी. मित्रांनो, इतक्या वर्षांनी मी पुन्हा कामाला आले होते! रोज संध्याकाळी आमचा हा उद्योग चाले. सरकी डोळे मिटून घुरघुरत बसायची. चार दिवसांत तिचं खाजवणं निम्म्यावर आलं.

पाचव्या दिवशी आशाबाईंनी पाहिलं.

"अवं, डोक्याची फणी मांजरीले लावून राह्यली? शी! काही रीतभात हाय का नाही तुले?"

"आई, पिसवा निघून राह्यल्या ना. पाह्य, वाटीत किती हायेत."

"काही पाहायचं नाही मले. फेक ते!"

आशाबाई मनाने वाईट नाहीत. पण ज्या फणीने त्यांनी आपले केस विंचरले, ती मांजरीच्या अंगावरून फिरलेली त्यांना सहन झाली नाही. त्यांनी मला गोठ्यात नेऊन भिंतीतल्या फळीवर टाकलं. पडताना माझे तीन दाते मोडले. आणि मी घरात नाही म्हटल्यावर पिसवांना रान मोकळं झालं.

त्याच फळीवर चार दिवसांनी एक बाटली आली. पोळा जवळ आला होता. पोळ्याला बैलांच्या अंगावर एकही गोचीड दिसता कामा नये, असा उत्तमरावांचा हट्ट असतो. म्हणून त्यांनी आदिलाबादहून गोचिडाचं औषध आणलं. खोक्यात बाटलीबरोबर घडी केलेला एक कागद होता. त्यांनी तो उलगडला, उलटा केला, सुलटा केला. सगळी अक्षरं तेलुगू आणि इंग्रजी. उत्तमराव मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेले. बाटलीवर बैलाचं चित्र होतं, तेवढं त्यांना पुरेसं वाटलं. फळीवर दोरी चाचपताना माझा मोडका दाता त्यांच्या बोटाला टोचला, तेव्हा त्यांनी तोच कागद माझ्याभोवती गुंडाळला आणि मला मागे सरकवलं. माझं एक टोक तेवढं बाहेर राहिलं.

त्या कागदावर काय होतं हे मला ठाऊक नव्हतं. मला वाचता येत नाही.  पण पुढचा अनर्थ टाळणारी सूचना माझ्याच अंगावर होती, मित्रांनो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी उत्तमरावांनी बादलीत औषध कालवलं. त्याच्या उग्र वासाने गोठा भरून गेला. त्यांनी फडक्याने दोन्ही बैलांची अंगं, कानांच्या मागे, शेपटीखाली, सगळीकडे औषध लावलं. टपोरे गोचीड गळून खाली पडू लागले. काम संपलं तरी पाव बादली औषध उरलं होतं. सरकी गव्हाणीच्या काठावर बसून जिवाच्या आकांताने खाजवत होती.

उत्तमरावांनी तिच्याकडे पाहिलं आणि हसले.

"काऊन गं, तूच राह्यली का? एवढे मोठे बैल ह्यानं चांगले झाले, तुह्या पिसवायचं काय घेऊन बसली! चाल, तूबी पोळ्याले न्हाऊन घे."

त्यांनी तिला मानेला धरून उचललं. मी फळीवरून पाहत होते. मला दाते आहेत, पण तोंड नाही. त्यांनी तिला गळ्यापर्यंत बादलीत बुडवलं, पाठ चोळली, पोट चोळलं आणि मायेने सोडून दिलं. सरकी अंग झाडून गव्हाणीखाली गेली आणि भिजलेले केस चाटू लागली.

पहिल्यांदा तिचा एक कान थरारला. मग दुसरा. मग तोंडातून लाळेची तार सुटली. ती उठायला गेली तर मागचे पाय तिच्या ताब्यात राहिले नव्हते. थोड्या वेळाने तिचं सगळं अंग लटलट कापू लागलं आणि थांबेना. गोचीड गळून पडल्यावर उत्तमराव नाल्यावर बैल धुवायला गेले होते. आशाबाई घरात होत्या. गोठ्यात आम्ही दोघीच होतो, आणि मला हाक मारता येत नव्हती. मी आजवर कशाकशाला भ्याले होते, त्याची मला लाज वाटली.

चार वाजता मीनल शाळेतून आली. दप्तर टाकून ती सरकीला शोधत गोठ्यात आली आणि किंचाळली. आशाबाई धावत आल्या, प्रयागबाई आल्या, उत्तमराव ओल्या पायांनी बैल घेऊन पोचले.

"तिले कायी चावलं का?" आशाबाईंनी विचारलं.

"चावलं नाही," उत्तमराव म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "म्या तिले गोचिडाचं औषध लावलं. बैलाचं."

मीनल बाटली शोधायला फळीकडे धावली. तिच्या हाताला बाटलीआधी मी लागले. तिने मला ओळखलं, कागद ओढला आणि तो हातातच धरून थांबली. तिची शाळा तेलुगूतून आहे. ती एकेक अक्षर जुळवत, रडत रडत वाचू लागली. शेवटच्या ओळी तिने दोनदा वाचल्या.

"बाबा, ह्यात लिवलं हाय. मांजरीले लावू नोका. मांजरीसाठी इख हाय म्हून लिवलं हाय."

उत्तमरावांनी बाटली उचलून तिच्यावरच्या चित्रावर बोट ठेवलं. "पण बाटलीवर तं बैल होता," ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

प्रयागबाई म्हणाल्या, "तूप पाजा तिले, इख उतरते." त्या वाटी आणायला निघाल्यासुद्धा. पण मीनलने वडिलांच्या खिशातून फोन काढला आणि बैलांना टोचायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंना लावला. त्यांचं मराठी मोडकंतोडकं, पण शब्द स्पष्ट होते.

"तोंडात काही नाही घालायचं. दूध नको, तूप नको, काही नको. ऐकलं? कोमट पाणी घ्या. भांडे धुवायचा साबण घ्या. पूर्ण औषध धुऊन काढा, डोळ्यात जाऊ देऊ नका. मग कपड्यात गुंडाळा, थंडी नाही लागली पाहिजे. ती कागद आणि बाटली सोबत आणा. लवकर आणा, थांबू नका."

आशाबाईंनी स्वतः पाणी कोमट केलं आणि सरकीला धुतलं. ज्या बाईला मांजरीच्या अंगाची शिसारी होती, तिचेच हात फेसात कोपरापर्यंत बुडाले होते. गुंडाळायला कोरडं काही हाताशी लागेना, तेव्हा उत्तमरावांनी खुंटीवरची बैलाची नवी झूल ओढली. आरसे लावलेली, पोळ्यासाठी शिवून घेतलेली. त्या संध्याकाळी बैलांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळायची असते आणि हे काम घरच्या धन्यानेच करायचं असतं. उत्तमराव बायकोला एवढंच म्हणाले, "खांदे तू मळ," आणि त्यांनी मोटारसायकल काढली.

मीनल मागे बसली. मांडीवर झुलीत सरकी, आणि मी, पुन्हा कागदात, तिच्या फ्रॉकच्या खिशात. झुलीतून मला सरकीचं कापणं जाणवत होतं. आदिलाबादच्या रस्त्याला खड्डे, दोन्ही बाजूंना कपाशी. अर्ध्या वाटेत ते कापणं एकदम थांबलं.

मित्रांनो, कापणं थांबलं याचे दोनच अर्थ होते. मीनलने झुलीत हात घातला आणि सरकीच्या छातीवर ठेवला. तो हात किती वेळ तसाच राहिला मला माहीत नाही. मग सरकी पुन्हा कापू लागली. कुणी तडफडत आहे याचा मला आनंद व्हावा, अशी वेळ माझ्यावर आली होती.

डॉक्टरीणबाईंनी आधी कागद वाचला, मग सरकीला सुया टोचल्या, सलाईन लावलं. "उद्या सकाळपर्यंत काही सांगू नाही शकत," त्या म्हणाल्या. मग मीनलच्या मुठीतली मी त्यांना दिसले. मीनलने वाटी, साबणाचं पाणी, सगळं सांगितलं. त्यांनी मला हातात घेऊन उजेडात धरलं.

"हे चालू ठेवलं असतं तर बरं झालं असतं. औषध पाहिजे असेल तर मांजरीचंच घ्यायचं, तिचं वजन करून, मला विचारून. कुत्र्याचं नाही, बैलाचं नाही, शेतातली पावडर तर बिलकुल नाही. मानेच्या मागे लावायचं, जिथे तिची जीभ पोचत नाही. आणि ती झोपते ते पोतं गरम पाण्यात धुवा, उन्हात टाका. पिसवा अर्ध्या तिथेच असतात."

उत्तमराव मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी गावात पोळा फुटला तेव्हा त्यांचा एक बैल झुलीविना उभा होता आणि ते स्वतः दवाखान्याच्या पायरीवर बसले होते. कुणी विचारलंच तर आशाबाई सांगत, "मांजरीपायी गेले." लोक हसले असतील, हसू द्या.

तिसऱ्या दिवशी सरकी घरी आली. ती फार वाळली होती. आता ती दूध पिते, उंदीर पकडते, पण बादलीची कडी वाजली की माळ्यावर पळते आणि लवकर खाली येत नाही. मी तिला समजू शकते.

दिवाळीनंतर कापूस तोलायच्या काट्याला पिशवी अडकवून तिचं वजन केलं. तीन किलो भरलं. डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब मीनलने तिच्या मानेमागे लावले. आणि मी? आशाबाईंनी मला गरम पाण्यात धुतलं, तो जुना गुंता सुईने काढला आणि मांजरीची फणी म्हणून दाराजवळच्या खिळ्याला टांगलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी निर्धास्त झाले असते. पण यंदा मीनल सहावीला गुरुकुलात, म्हणजे सरकारी निवासी शाळेत गेली. तिथे घरच्यांशी फोनवर बोलायला रविवारीच मिळतं. आणि परवा, पोळ्याच्या तोंडावर, उत्तमरावांनी गोचिडाची नवी बाटली आणली. वेगळी बाटली, चित्रातला बैल वेगळा, तशीच कागदाची घडी. ती पाहून माझे उरलेले दाते ढिले झाले.

उत्तमरावांनी कागद उलगडला. बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहिलं. परवा बुधवार होता. आशाबाई म्हणाल्या, "बैलायले गोचीड फार झाले हो."

"होऊ दे. रईवारी मीनलले इचारतो. तवर बूचबी खोलत नाही." त्यांनी कागद बाटलीच्या गळ्याला दोऱ्याने बांधला आणि बाटली आढ्याला टांगली. मग खिळ्यावरून मला घेतलं, सरकीला मांडीवर ओढलं आणि तिच्या मानेवरून मला फिरवू लागले. त्यांच्या हाताला सवय नाही, जरा जोरातच ओढतात. मी सहन केलं.

मित्रांनो, आज शुक्रवार आहे. बाटली वर टांगलेली आहे आणि मी रविवारची वाट पाहते आहे. तुमच्याही घरात एखाद्या बाटलीबरोबर आलेला घडीचा कागद कुठेतरी पडला असेल. ज्यांनी तुम्हाला शाळेत घातलं, त्यांना कदाचित तो वाचता येत नसेल, आणि तसं सांगायची त्यांना लाजही वाटत असेल. तुम्ही तो उघडा. त्यांच्याजवळ बसा आणि शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचा. आमच्या घरी तो वाचला गेला, पण दोन तास उशिरा.