मापावरची शीग

सुदानमधल्या ज्वारीच्या भावाची रेघ हिमानीच्या स्क्रीनवर आडवी पडली होती आणि ती तशी का पडली असावी हे तिला काही केल्या कळत नव्हतं. डिझेल चढलं होतं. तेल, साखर, कांदा, दळणाचा दर, सगळं चढलं होतं. रस्त्यात ट्रक अडवून पैसे उकळणाऱ्या बंदूकवाल्यांचे नाके वाढले होते. त्याच ट्रकमधून येणारी ज्वारी मात्र निम्म्या बाजारांत जागची हललेली नव्हती.

हिमानी मूळची सोलापूरची. संख्याशास्त्र शिकायला शिकागोला आली आणि शिक्षण संपल्यावर तिथल्याच एका लहानशा संस्थेत नोकरीला लागली. लढाई चालू असलेल्या मुलखात घर चालवायला काय खर्च येतो, ते ही संस्था दर महिन्याला मोजायची. त्या आकड्यावरून मदत देणारे ठरवायचे, की तिथल्या प्रत्येक कुटुंबाच्या फोनवर पुढच्या महिन्यात किती रक्कम टाकायची. आकडा चुकला की तिकडे कुणाच्या तरी ताटात फरक पडायचा. हिमानीला आपल्या कामाचा अभिमान होता तो एवढ्यासाठीच, आणि झोप उडायची तीही त्यासाठीच.

देवांग, तिचा साहेब, त्या आडव्या रेघेवर खूश होता. मुख्य धान्य स्थिर झालंय, ही चांगली बातमी आहे, असं त्याचं म्हणणं. सोमवारच्या बैठकीत तो तेच सांगणार होता, आणि धान्य स्थिर म्हटल्यावर मदतीची रक्कम कमी होणार हे उघड होतं. पुरावा असेल तर सोमवारच्या आत आण, नाहीतर आकडा आहे तसा जाऊ दे, असं त्याने शुक्रवारी शांतपणे सांगितलं. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. नुसत्या शंकेवर तिनेही कुणाचा आकडा अडवला नसता.

शनिवारी ती शिकागोजवळ शॉमबर्गला, ओळखीच्या राजीवकाकांकडे गेली. रविवारी त्यांच्याकडे महाराष्ट्र मंडळाची माणसं जेवायला यायची होती आणि विनीताकाकूंना मदतीला कुणीतरी हवं होतं. मदत म्हणजे हिमानीने ओट्याशी टेकून उभं राहायचं आणि काकूंनी काम करता करता तिला लग्नाबद्दल विचारायचं, हे दोघींनाही माहीत होतं.

काकू मसालेभाताचे तांदूळ मोजत होत्या. लग्नात माहेरहून मिळालेलं पितळी मापटं त्यांनी सांगलीहून इथवर आणलं होतं. मापटं भरायचं, वर तांदळाचा डोंगर उभा राहीपर्यंत ओतत राहायचं आणि एकही दाणा न सांडता पातेल्यात उपडं करायचं, असं चाललं होतं. शेवटी त्यांनी आजच्या रात्रीपुरते तांदूळ वेगळे काढले. या वेळी मात्र मापट्यावरून तळहात सपाट फिरवला आणि वरचा डोंगर परत डब्यात लोटून दिला.

"काकू, हे असं का केलंत?"

"काय केलं?"

"आधी वर डोंगर ठेवत होतात. आता हात फिरवलात."

"अगं, ते उद्याचं पाहुण्यांचं. पाहुण्यांच्या मापाची शीग मोडायची नसते. हे आपलं घरचं, घरच्याला कशाला हवी शीग?" काकू हसल्या. "सोलापूरची ना तू? आईने एवढंही शिकवलं नाही?"

शीग हा शब्द हिमानीला ठाऊक होता. काठोकाठ भरल्यानंतरही धान्य जे वर चढतं, ती शीग. पण तिने ती कधी मोजली नव्हती. तिने किचनमधला वजनकाटा पुढे ओढला, मापटं आधी शीग लावून तोललं, मग हात फिरवून तोललं, आणि काकूंनी डोळे वटारले तरी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. काकूंची कॉलेजात जाणारी मुलगी नैना फ्रिजमधून ज्यूस घ्यायला आली होती, ती बघतच राहिली.

"ताई, इट्स राइस. लीव्ह इट अलोन."

या उभट मापट्यावर शीग दहाव्या हिश्शाच्या आसपास भरली. माप जितकं पसरट तितकी शीग मोठी होणार, कारण धान्याचा ढीग आपल्या ठरलेल्या उतारावरच उभा राहतो. सुदानच्या बाजारात ज्वारी किलोवर विकत नाहीत. तिथे मलवा नावाचं पत्र्याचं पसरट माप चालतं. संस्था विचारायची, मलव्याला काय भाव? आणि लढाईच्या आधी कधीतरी एकदा तोलून ठेवलेल्या वजनाने त्या भावाला भागायची. शीग उतरवली तर भाव तोच राहून धान्य कमी मिळणार होतं, पण मलव्यावर शीग आहे की नाही, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

तिने तिथूनच इखलासला फोन लावला.

इखलास तिची सहकारी, वयाने बरीच मोठी. तिकडच्या बाजारांतल्या बायकांशी आणि दुकानदारांशी अरबीतून बोलून भाव गोळा करायचं काम तिचं. लढाई पेटली तेव्हा ती मुलांना घेऊन बाहेर पडली आणि बहिणीच्या आधाराने शिकागोत डेव्हन ॲव्हेन्यूजवळ राहू लागली. तिच्या मामांचं, बशीर यांचं, गावात धान्याचं दुकान होतं, अजूनही चालू होतं. त्यांचाही भाव महिन्यांमागून महिने तोच होता.

हिमानीने सगळं भराभर सांगून टाकलं. 

"माझे मामा माप मारतात, असं म्हणतेस तू," इखलास म्हणाली.

"मी तसं नाही म्हणाले."

"आमच्या घरात शीग कधी मोडली गेली नाही, हिमानी. माझ्या आजोबांना लोक त्याच नावाने ओळखायचे. वरचं देवाचं, खालचं दुकानाचं, असं म्हणायचे ते. आणि तू म्हणतेस मामांना फोन करून विचार, की शीग खाल्लीत का?"

हिमानीला आपली चूक कळली. तिने मापाबद्दल विचारलं होतं, पण प्रश्न जाऊन लागला होता माणसाच्या इभ्रतीला. असा प्रश्न घेऊन गेलं तर कुणीही खोटंच सांगेल, आणि त्यात त्याचा दोष नसेल. तिने माफी मागितली आणि काकूंचं सांगितलं. पाहुण्यांचं माप वेगळं, घरचं वेगळं. हात कुठे फिरवला याची लाज काकूंना नव्हती, कारण शीग कुणासाठी राखायची हे त्यांना पक्कं माहीत होतं.

 इखलासने हळूच विचारलं, "तुमच्याकडेही आहे हे?"

"आहे."

"मग मी विचारेन. पण माझ्या पद्धतीने. तू मधे बोलायचं नाहीस."

रविवारी सकाळी हिमानी डेव्हनवर इखलासच्या घरी गेली. खाली मिठाईच्या दुकानासमोर गाड्या दुहेरी लागल्या होत्या आणि बसवाला हॉर्न देऊन दमला होता. तिकडचं नेटवर्क लहरी, तरी तिसऱ्या खेपेला मामा लागले. इखलासने आधी घरातल्या एकेकाची खुशाली विचारली, मग गाढवाची. हिमानीची चुळबूळ चालली होती, पण ती बोलली नाही. शेवटी इखलासने विचारलं, की खाल, म्हणजे मामा, आज मी पाहुणी म्हणून दारात आले तर मलवा कसा भरून द्याल? आणि शेजारणीला कसा देता?

 बशीर मामा जे बोलले ते इखलासने वाक्यावाक्याने इंग्रजीत सांगितलं, मान ताठ ठेवून.

"मी भाव वाढवला नाही. शेजारीण पहिल्यापासून जेवढी नोटांची घडी घेऊन येते, तेवढीच आजही आणते, तिच्याकडे दुसरी नाहीच. भाव वाढला असं तिला सांगितलं तर ती माझ्या दारातून रिकामी परत जाईल, उधार मागणार नाही. म्हणून मी शीग उतरवली. या माझ्या हाताने. तिने बघितलं, ती काही बोलली नाही. मीही नाही."

मग ते म्हणाले, "लिहा हे. पण भाव वाढवला नाही, हेही लिहा."

इखलासने डोळे पुसले नाहीत. उलट तिने हिमानीकडे असं बघितलं, की बघ, ही माझी माणसं.

एका दुकानावरून निष्कर्ष काढणारी हिमानी नव्हती. तिने मामांना विनंती केली, की मलवा शीग लावून आणि शीग उतरवून, दोन्ही तऱ्हांनी तोलून बघा. तोवर तिने मापाच्या रुंदीवरून आणि ज्वारीच्या उतारावरून गणित करून कागदावर उत्तर लिहिलं आणि कागद इखलासकडे दिला: शीग मापाच्या पाचव्या हिश्शाएवढी. तासाभराने मामांचं वजन आलं. कागदाला धरूनच होतं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मग इखलासने बाकीच्या बाजारांतल्या बायकांना निरोप धाडला, की दुकानदाराला विचारून भरलेल्या मलव्याचा बाजूने फोटो पाठवा.

दुपारभर फोटो येत राहिले. नैनाने फोन करून कळवलं, की मसालेभात संपलाय आणि आई तुझ्यावर चिडलीय. फोटो लावून झाल्यावर चित्र इतकं स्वच्छ दिसलं, की हिमानीने ते दोनदा तपासलं. जिथे भाव चढला होता तिथे मापावर शीग होती. जिथे भाव जागचा हलला नव्हता तिथे माप सपाट होतं. म्हणजे ज्वारी सगळीकडेच महाग झाली होती. काही ठिकाणी ती महागाई नोटांत दिसत होती आणि काही ठिकाणी कुणाच्या तरी तळहाताने ती गुपचूप झाकून टाकली होती.

सोमवारी बैठकीच्या आधी तिने देवांगसमोर फोटो ठेवले. त्याने नेहमीप्रमाणे आधी शंका काढल्या, आणि त्या चांगल्या शंका होत्या. वजनं, गणित, फोटो, एकेक करत ती उत्तरं देत गेली. शेवटी तो मागे टेकून बसला.

"ही तळटीप म्हणून टाकूया?"

"नाही," हिमानी म्हणाली. "तळटीप कुणी वाचत नाही. आलेखात दोन रेघा जातील. एक मापाची, एक किलोची. आणि पहिल्या वाक्यात, जिथे माप सपाट आहे तिथल्या दुकानदारांनी भाव वाढवलेला नाही."

देवांगने जुना अहवाल बंद केला. बैठकीत त्याने तिलाच बोलायला लावलं. आडवी रेघ आणि तिच्यापासून फुटून वर गेलेली दुसरी रेघ बघून मदत देणाऱ्यांपैकी कुणीही रक्कम कमी करण्याचं नाव काढलं नाही. त्या महिन्यात ती कमी झाली नाही. पुढच्या महिन्यात थोडी वाढली.

इखलासने अहवालाचं पहिलं वाक्य मामांना अरबीत वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. दोन दिवसांनी त्यांच्याकडून एक फोटो आला, कुणीही न मागितलेला. दुकानाच्या उंबऱ्यावर मलवा ठेवलेला होता आणि त्यावर ज्वारीची शीग इतकी उंच, की टोकाचे दाणे आता घरंगळणार असं वाटावं. सोबत आवाजात निरोप होता. तो ऐकून इखलास हसली आणि तिने तो सांगितला: सपाट मापाचे फोटो तुम्ही जगाला दाखवलेत. आमचं माप असं नसतं. हेही दाखवा.

अहवालाच्या शेवटी, मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या पानावर, मापाची व्याख्या द्यायची जागा होती. इतकी वर्षं तिथे नुसतं एक वजन लिहिलेलं असायचं. हिमानीने तो फोटो तिथे लावला आणि खाली एका ओळीत लिहिलं, पूर्ण मलवा: शीग लावून.